साठ चिंध्यांचा नवस

आत्याने तिचं रान गावाला फिरण्यासाठी देऊन टाकलं तेव्हा आमच्या घराण्यात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. गणेशपुरीच्या रस्त्याला चारी बाजूंनी गोदामं उठलेली आणि मधोमध ही टेकडीभर झाडं. गोदामवाले चपला झिजवून थकले. आत्याने बक्षीसपत्रात एकच अट घातली: लोकांनी खुशाल फिरावं, पण रानात ना गोदाम उठेल, ना देऊळ.

"देवळाने काय केलं गं तुझं?" मी विचारलं.

"देऊल आलं का मांडव येतो, मग शेड येते, मग गाड्या ठेवाया जागा लागते. झाडांनी जावं कुठं?"

फिरायच्या वाटेवर खुणा करायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. पण वीस वर्षं भिवंडीत लूमवर मास्टरकी केली की न विचारता कामात पडायची सवय लागते. पाट्या यायला वेळ होता आणि माझ्याकडे चिंध्या होत्या. विणताना कापडाच्या कडेने जी पट्टी कापून पडते ती चिंधी. आमच्याकडे पोत्याने पडलेली असते. त्या आठवड्यात लाल माल चालू होता. रविवारी जाऊन मी ऐन, हेद, मोह अशा मोजून साठ झाडांना लाल चिंध्या बांधल्या. वर टोकाला दगडावर बसून केळी खाल्ली आणि उरलेली दोन माकडांसाठी दगडावरच ठेवली.

"लाल चिंधी धरून चालायचं. आंधळासुद्धा चुकणार नाही," मी आत्याला सांगितलं. तिने कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी गेलो, तर पहिल्याच झाडावर माझ्या चिंधीशेजारी हिरवी बांगडी. पुढे पिवळा दोरा, निळी नाडी, कुणाच्या तरी साडीचा काठ. वाटेवरची झाडं संपल्यावर लोकांनी वाटेबाहेरची धरली होती. ठाण्याहून आलेलं एक जोडपं तासाभरापासून एकाच करवंदीच्या जाळीभोवती फिरत होतं. त्यांना वाट दाखवायला मी पुढे झालो आणि आम्ही तिघं मिळून आणखी दोन फेऱ्या फिरलो. वरच्या दगडाला शेंदूर लागलेला. पुढ्यात केळी, डझनभर.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच माझा एक कारागीर पेढा घेऊन आला. "मास्टर, आपने बताया नहीं! वो जंगल में मन्नत पूरी होती है."

"तेरी कौनसी पूरी हुई?"

"छुट्टी की."

त्याची रजा शनिवारी मीच मंजूर केली होती. पेढा मात्र चांगला होता.

आत्याकडे गेलो तर तिने चहा दिला, बिस्किट दिलं नाही. तेव्हाच काय ते समजलो. "गावात मांडवाची बोलणी चाललीत," ती म्हणाली. "तुझ्या आतोबानं जनम घालवून एकेक झाड राखलं. गोदामवाल्यांना जमलं न्हाय ते तू चिंधीनं केलंस."

दुपारी गाव जेवून लवंडलेलं असताना मी चिंध्या सोडायला रानात शिरलो. सातव्या झाडाशी मागून आवाज आला, "ओ भाऊ! कुनाचा नवस सोडताय?"

गावातल्या तिघी बाया कमरेवर हात ठेवून उभ्या.

"माझाच आहे."

"आन खिशातले?"

"तेही माझेच. एकूण साठ बांधलेत."

"साठ? असं काय व्हत न्हाय तुम्हाला?" तिघी खिदळल्या. "आन हातातली ही बांगडी पन तुमचीच का?"

मला धरून त्यांनी आत्याच्या अंगणात उभं केलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवस बोललात. फेडायचा कसा, ते ठरलाय का?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली नारळ, दुसरी म्हणाली मांडव.

"रान माझं व्हतं, रीत मी सांगते. ज्याची चिंधी त्यानं रानाची पुरी फेरी पायी मारायची, चिंधी सोडायची आन घरी न्यायची. एका चिंधीला एक फेरी. मांडव घातला तर नवस बुडाला."

बायांना ते पटलं. नारळही वाचत होता.

"मग पयला मान कुनाचा?" एकीने विचारलं.

"ज्यानं पयली बांधली त्याचा," आत्या म्हणाली. अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

तेव्हापासून दर रविवारी मी रान फिरतो. गावही फिरतं. कारागीर रजा टाकून रजेच्या नवसाची फेरी मारून गेला. शेंदराच्या दगडावर आत्या स्वतः जाऊन बसते. आता तिथे कुणी हात जोडले तर ते तिलाच लागतात, म्हणून कुणी जोडत नाही. मांडवाचं नाव निघत नाही.

परवा तेविसाव्या फेरीनंतर धापा टाकत उतरलो, तर आत्या खाली उभी. तिने टेकडीकडे बोट केलं. इतक्या पावलांनी गवत दबून वाट खालपासून वरपर्यंत स्वच्छ दिसत होती.

"आता चिंधी लागंल का रं वाटेला?"

"नाही गं."

"मंग माझं काम झालं." तिने मला बिस्किट दिलं. "तुझ्या सदतीस ऱ्हायल्या."