फुया फुयाच्या खिंडीत

मळ्याच्या फलकावर लावलेल्या डोंगरसहलीच्या कागदावर ‘सहभाग ऐच्छिक’ असं लिहिलं होतं, आणि त्याच्याच खाली प्रत्येकाच्या नावापुढे सहीचा रकाना आखला होता. ऐच्छिक आहे तर सह्या कशाला हव्यात, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नव्हतं. एतेल्विना फारिनांगोनं तो कागद दोनदा वाचला आणि सही केली.

“कोमाद्रे, तू येतेस?” मागून हर्मेलिंदा म्हणाली. ती एतेल्विनाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी वीस वर्षं एकमेकींना कोमाद्रेच म्हणत. “गोदामाचा जिना चढताना थांबतेस, आणि फुया फुयाचा डोंगर चढणार?”

“जिन्यात मी तुझ्यासाठी थांबते. तुझं बूड जड.”

हर्मेलिंदा खदखदून हसली. एतेल्विनाही हसली, पण त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

तबाकुंदोच्या त्या गुलाबांच्या मळ्यात तिला बावीस वर्षं झाली होती. प्रतवारीच्या टेबलाशी तिची जागा ठरलेली. देठ हातात आला की तो साठ सेंटिमीटरचा की सत्तरचा हे तिला पट्टीशिवाय कळायचं; पाकळीआड लपलेला बुरशीचा डाग तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी लागायचा. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या, दिवसभर उभ्यानं, आणि मातृदिनाच्या आधीचे पंधरा दिवस तर तेरा-तेरा तास. नवऱ्याचं, सेगुंदोचं, गवंडीकाम कधी असे, कधी नसे. घराच्या भिंती उभ्या राहिल्या, मुलगी इबार्रात नर्सिंग शिकली, ते सगळं या टेबलावर.

गेल्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा एकदा बांधला. रोज एक गोळी, मीठ कमी, थंडीत काम करायचं नाही, असं त्यानं कागदावर लिहून दिलं. तो कागद तिनं कुणालाच दाखवला नाही. मळ्यातून कुणाला काढून टाकत नसत. पन्नाशी उलटलेल्या बाईचा हात जरा मंदावला की तिची बदली शीतगृहात व्हायची. तिथली हवा फुलांसाठी दोन अंशांवर ठेवलेली. चार महिन्यांत बाई आपणहून राजीनामा लिहून द्यायची. एतेल्विना एक्कावन्न वर्षांची होती. त्यात नुकत्याच आलेल्या कर्मचारी विभागाच्या मॅडम कसलीशी यादी करताहेत, अशी कुजबुज होती. म्हणून मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारी तिला डोंगर चढायचाच होता, आणि चढताना लागलेली धाप कुणाला दिसू द्यायची नव्हती.

मोहांदाच्या तळ्याशी बस थांबली तेव्हा साडेआठ वाजले होते. आभाळ मोकळं होतं, पण पूर्वेचा वारा कान कापत होता. “अचाचाय!” म्हणत बायकांनी शाली डोक्यावरून घेतल्या. मळ्याचे व्यवस्थापक इंजिनियर आंद्रादे गळ्यात शिट्टी अडकवून दगडावर चढले.

“एक्केचाळीस जण आहोत! अकराला शिखरावर फोटो. कुणी मागं राहायचं नाही. आपण एक कुटुंब आहोत!”

“कुटुंब म्हणे,” हर्मेलिंदा पुटपुटली. “मग एखाद्या रविवारी जेवायला बोलवा की.”

कर्मचारी विभागाच्या मॅडम आंद्रादेंच्या शेजारी उभ्या होत्या. याहायरा सेदेन्यो त्यांचं नाव, वय फार तर अठ्ठावीस, समुद्रकाठच्या ग्वायाकिलच्या. डोंगरात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. अंगात कोरं करकरीत गुलाबी जाकीट, हातात वही. त्या वहीकडे एतेल्विनानं एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

चढ सुरू झाला. कमरेएवढ्या गवतातून मातीची पायवाट सरळ वर जात होती. पहिला अर्धा तास एतेल्विना घोळक्यात राहिली. मग कानात ठोके पडू लागले, आधी हळू, मग कुणी ढोल बडवावा तसे. ती बुटाची नाडी बांधायला वाकली. पुढे रानफूल खुडायला थांबली. मग पाणी प्यायला. वीस पावलं आणि एक निमित्त, वीस पावलं आणि एक निमित्त. हर्मेलिंदा पुढच्या टोळक्यात गप्पा हाणत दूर गेली.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्या मागं कुणीतरी आहे. गुलाबी जाकीट. ती थांबली की तेही थांबत होतं. ती निघाली की तेही निघत होतं.

‘माझ्यावरच नजर ठेवून आहे,’ एतेल्विनाच्या मनात आलं. तिनं निमित्तं सोडली. दात आवळून ती न थांबता चढू लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी ती थांबली नाही. मागं वळून पाहायची तिला हिंमत नव्हती.

दोन शिखरांमधल्या खिंडीत ती पोचली तेव्हा बाकीची माणसं शेवटच्या खडकाळ टप्प्यावर चढत होती. मुंग्यांची रांग दिसावी तशी ती दिसली, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. खालून धुकं चढलं होतं. आधी तळं पुसलं गेलं, मग समोरचा उतार, मग शिखर. एतेल्विना एका दगडाला टेकली आणि तेव्हा कुठं तिनं मागं पाहिलं.

मॅडम दारू प्यायल्यासारख्या चालत होत्या. एक पाय वाटेवर, एक गवतात. दहा पावलांवर त्या गुडघ्यांवर बसल्या आणि भडाभडा ओकल्या.

“मॅडम!”

“मी ठीक आहे,” त्या म्हणाल्या. शब्द जिभेला चिकटून येत होते. “एतेल्विनाबाई, तुम्ही पुढं जा. फोटो... साहेबांना सांगू नका.”

ओठ निळे पडले होते. हातातली वही कुठं पडली, याचं त्यांना भान नव्हतं. एतेल्विना लहानपणी बापाबरोबर छपराचं गवत कापायला इथं यायची. बाप म्हणायचा, उंचीनं माणूस असा झिंगायला लागला की त्याला बसवायचं नाही, झोपवायचं नाही, खाली न्यायचं. लगेच.

तिनं शिखराकडं तोंड करून हाका मारल्या. वाऱ्यानं त्या मागच्या मागं उडवल्या. एक शिट्टी ऐकू आली, पण ती वरून की बाजूनं हे कळेना. फोनवर एकही रेघ नव्हती. वर जाऊन कुणाला बोलवावं तर अर्धा तास गेला असता, आणि तोवर ही पोर धुक्यात कुठं भरकटली असती देव जाणे. खाली न्यावं तर रांग सोडल्याचा ठपका. आणि आपलीच छाती फुटली तर?

तिनं मॅडमचा हात आपल्या खांद्यावर घेतला. “चला.”

पण कुठल्या बाजूला? खिंडीचे दोन्ही उतार सारखेच करडे दिसत होते. एका बाजूला तळं आणि बस. दुसऱ्या बाजूला उतरलं तर दिवसभर चालूनही घर लागत नाही अशी दरी. वाट हाताच्या अंतरापुढं दिसत नव्हती. वारा गोल गोल फिरत होता, त्याचा भरवसा नव्हता. एतेल्विना खाली वाकली. गवताचे झुबके सगळे एकाच बाजूला कललेले होते, वर्षानुवर्षं पूर्वेचा वारा खाऊन कललेले. तळं पूर्वेला. म्हणजे गवत जिकडं झुकलंय त्याच्या उलट. तिनं तीनदा पडताळून पाहिलं आणि मगच पहिलं पाऊल टाकलं.

अर्ध्या उतारावर गारा सुरू झाल्या. मग वीज कडाडली, इतक्या जवळ की तोंडात लोखंडाची चव आली. पायवाटेची निसरडी घळ झाली होती. दोघी दोनदा घसरल्या, आणि तिसऱ्यांदा घसरून गवतात गेल्या तेव्हा वाट हरवली. एतेल्विना चाचपडत पुढं गेली तर पायाखाली चढ लागला. इथं चढ कसा? आपण चुकलो. आपण दुसऱ्याच अंगाला उतरलो. कानात ते ठोके आता वेगळे ऐकू येत नव्हते, एकच सलग घरघर झाली होती.

“मी जरा झोपते,” मॅडम म्हणाल्या आणि खरंच गवतात आडव्या झाल्या. “दहा मिनिटं. मग जाऊ.”

“ऊठ!” एतेल्विनानं तिच्या गालावर चापट मारली. ‘तुम्ही’ कधीच गळून पडलं होतं. “ऊठ गं पोरी! मला रक्तदाब आहे, कळतंय? वर्षभर लपवलाय. तुझ्यापासूनच लपवत होते! माझी छाती फुटायला आलीये. मी पडले तर तुला उचलायला इथं कुणी नाही. ऊठ म्हणते ना!”

मॅडमनं डोळे उघडले. एतेल्विनानं तिला जाकिटाला धरून ओढून उभं केलं. तो चढ म्हणजे नुसता उंचवटा होता, बारा-पंधरा पावलांचा. पलीकडं पुन्हा उतार लागला आणि त्याच्या तळाशी, अगदी बारीक, काठावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज आला.

बसचे चालक मेसियास धावत आले. त्यांनी मॅडमला घोंगडीत गुंडाळलं आणि दोघींना गूळ-दालचिनीचं गरम पाणी पाजलं. तासाभरात मॅडमच्या ओठांवर रंग आला. एतेल्विना मात्र बसच्या पायरीवर दोन्ही हातांनी छाती धरून बसली होती.

बाकीचे दीड तासानं उतरले, भिजून चिंब, घसे बसलेले. खिंडीत त्यांनी दोघींना शोधण्यात तासभर घालवला होता. इंजिनियर आंद्रादे सरळ एतेल्विनापुढं येऊन उभे राहिले.

“रांग सोडायला तुम्हाला सांगितलं कुणी? एकोणचाळीस माणसं विजांत उभी होती तुमच्यामुळं! बावीस वर्षं नोकरी करून एवढी शिस्त नाही?”

एतेल्विनानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होती. पोरीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग एतेल्विना उठली आणि बसमध्ये चढली.

“ओरडून ओरडून घसा फाटला माझा,” बसमध्ये शेजारी बसत हर्मेलिंदा म्हणाली. ती रडत होती आणि संतापलीही होती. “मेली असतीस तर जीव घेतला असता तुझा.”

रविवार कसा गेला हे एतेल्विनाला सांगता आलं नसतं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती भलत्याच वेळी उठून उभी राहिली. मी सगळं बोलून गेले, तेही नेमकं तिच्याच तोंडावर, एवढंच डोक्यात फिरत होतं. सोमवारी दहा वाजता टेबलापाशी निरोप आला: मॅडमनं बोलावलंय. तिनं हातमोजे काढले, घडी घालून ठेवले. बहुतेक आता पुन्हा घालायचे नाहीत, असं तिला वाटलं.

मॅडमनं दार लावलं आणि खुर्ची पुढं केली. स्वतः मात्र उभीच राहिली.

“शनिवारी मी बोलायला हवं होतं. माझे नोकरीचे पहिले तीन महिने उमेदवारीचे आहेत. उंची मानवत नाही हे साहेबांना कळलं तर परत पाठवतील, या भीतीनं तोंड उघडलं नाही. आज सकाळी जाऊन सगळं सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“काहीच नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाले.” तिनं ओठ चावला. “त्याचीच जास्त भीती वाटते.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “आणि तुम्ही वर जे बोललात, ते मी ऐकलंय.”

एतेल्विनानं मांडीवर हात घट्ट धरले.

“डॉक्टरचा कागद आहे तुमच्याकडं? लेखी?”

“आहे.”

“मग आणत का नाही? एक जूनपासून शीतगृहात जाणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे. मीच टाइप केलंय. डॉक्टरनं थंडी नको लिहिलेलं फाईलला लागलं की कुणी तुम्हाला तिथं पाठवू शकत नाही. कायदाच आहे तसा. उद्या सकाळी आणा, मी पोच देते.”

वर्षभर ज्या कागदाला एतेल्विना घाबरली होती, तोच कागद. तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं रडू, आणि मॅडमनं टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा सरकवला.

त्या संध्याकाळी तिनं सेगुंदोलाही सांगून टाकलं. तो बटाट्याचं सूप पीत होता.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“सूप अळणी व्हायला लागलं तेव्हापासून.”

“मग विचारलं नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.” त्यानं वाटी पुढं केली. “अजून वाढ.”

मंगळवारी कागद फाईलला लागला. त्याच आठवड्यात हर्मेलिंदानं प्रतवारीतल्या आणखी दोघींना हाताला धरून दवाखान्यात नेलं, आणि त्यांचेही कागद आले. इंजिनियर आंद्रादे त्यानंतर एतेल्विनाशी कधी सरळ बोलले नाहीत. तिच्या टेबलावर जास्त खराब माल येऊ लागला, असं तिला वाटायचं. खरं की भास, कोण जाणे. मॅडम पुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकली आणि मग ग्वायाकिलला परत गेली. एतेल्विना अजून प्रतवारीतच आहे. गोळी ती आता जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, पाण्याच्या घोटाबरोबर घेते, आणि कार्यालयातून कुणी टेबलाकडं येताना दिसलं की आजही तिचा हात क्षणभर थांबतो.