खानेसुमारीतलं एकच घर

एकाहत्तरच्या खानेसुमारीचं नाव काढलं की मला अजून किळस येते. आधी लोकांची यायची, नंतर स्वतःची यायला लागली.

मी अंबडला शाळेवर मास्तर होतो. मास्तर म्हणजे सरकारचा हक्काचा बैल. इलेक्शन असो की माणसं मोजणं असो, धरून आणायचा नि जुंपायचा. मला कोर्टामागचा भाग दिला, आणि आमची बौद्धवस्तीही माझ्याच गळ्यात मारली. तिकडं दुसरा कोणी मास्तर जायला तयार नव्हता.

घरोघर जाऊन नाव, वय, धर्म, धंदा विचारायचं. धंद्याबद्दल लोकांनी किती खोटं बोलावं? दोन दुकानांचा धनी आडत्या म्हणतो, "कशाचा धंदा मास्तर, बिलकुल रिकामा बसून आहे." एका घरची बाई जिनिंगमधून माझ्यासमोर दारात शिरली, केसांत कापूस अडकलेला. ओसरीवर बिडी ओढत बसलेला नवरा म्हणाला, "ती काय करती? काहीच न्हाई. घरीच असती." ती गुमान चुलीकडं गेली. मीही तेच लिहिलं. पेठेतल्या एका मोठ्या घरानं तर मला पायरीखालीच उभं केलं. "तिथूनच इचारा मास्तर, बराबर ऐकू येतंय." पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं. त्यांची पोरगी माझ्या वर्गात शिकत होती. थुंकावं वाटलं असल्या मोठेपणावर.

आमची वस्ती मी शेवटी ठेवली होती. आदल्या दिवशी धाकट्या भावानं मला बाजूला घेतलं. तो मॅट्रिक झालेला, रेल्वेत अर्ज केलेला.

"दादा, आपल्या घरावर बौद्ध लिहू नको. केंद्राच्या नोकरीत बौद्धाला सवलत न्हाई. हिंदूतली जुनी जात लागती, अर्जात मी तीच लिवलीय. हे कागद तहशिलीत जात्यात. उद्या कुणी ताडून पाह्यलं तं मी मेलो."

ट्रेनिंगमधे साहेबानं घसा फोडून सांगितलं होतं, हे कागद कुणाला दाखवत नसतात. पण तहशिलीत गेलेला कागद आमच्या भल्यासाठी बाहेर आलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. मला भावाचं पटलं. वस्तीतल्या अजून चार-दोन घरांत हीच कुजबुज चालू होती.

आता मायचं सांगतो. दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक तिनं स्वतःच्या हातानं टोपल्यात भरून नाल्यात नेऊन सोडले होते. त्यापायी तीर्थपुरीच्या तिच्या भावानं तिचं माहेर तोडलं. ती रडली, पण हलली न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याच उंबऱ्यावर मांडीवर पाटी नि तिच्यावर खानेसुमारीचा कागद ठेवून बसलो. माय हात पुसत आली.

"माझा धरम बौद्ध लिव. ठळक लिव."

"लिवला, माय."

लिहिलं होतं हिंदू. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बोटाला लागलेली शाई पाहून खूश झाली.

मग ती माझ्यापुढं निघाली, दारोदार सांगत. "भिऊ नका, माझं लेकरू बौद्ध लिवून राह्यलंय. आमचं लिवलं." कालपर्यंत कुजबुजणारे माना खाली घालून बसले. एकजण म्हणाला, "लिवा मास्तर बौद्ध. तुमच्या मायनं लिवलं, मंग आम्ही काय मेलोत का?" त्याच्याही पोरानं पोस्टात अर्ज केल्ता. मी लिहीत गेलो.

भावाला रेल्वेनं बोलावलंच नाही. कागद कुणी ताडून पाहिले नाहीत. त्यांची नुसती बेरीज होते, नाव-गाव कुणी विचारत नाही, हे मला पुढं कळलं. कशासाठी केलं मी ते?

माय जाईपर्यंत आल्या-गेल्याला सांगायची, आमच्या वस्तीनं त्या साली एकूणएक घर बौद्ध लिवलं. मी शेजारी बसून मान हलवायचो. वस्तीत एकच घर हिंदू होतं, मोजणाऱ्याचं.