लाल चिठ्ठीच्या सहा बाटल्या

मामांचा हात लागला की मूळ जगतं, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. मामा हे नाव त्यांना कुणी दिलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. सख्खा भाचा म्हणावा असा एकही माणूस त्यांना नव्हता. बाटल्या धुणं, कापसाची बुचं वळणं आणि औषधी झाडाची मुळं साखरपाण्यात वाढवणं, ही त्यांची बावीस वर्षांची नोकरी. ना माती, ना झाड. हलत्या फळीवर, काचेच्या बाटल्यांत, नुसती पांढरीशुभ्र मुळं वाढत.

सगळा खटाटोप होता मुळांत तयार होणाऱ्या औषधासाठी, आणि नेमकं तेच नखभर मिळत होतं. शुक्रवारी समिती यायची होती. औषध वाढलेलं दिसलं नाही तर प्रयोग बंद, आणि चार वर्षं तळहातावर जपलेली मुळं कचऱ्यात. 

संशोधक ताईंनी शेवटचा उपाय केला. सहा बाटल्यांना लाल चिठ्ठ्या लावून त्यांत फुलासारखा वास येणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले.

"यानं मुळांना वाटतं, आपल्यावर कुणी हल्ला केलाय. मग ती जास्त औषध करतात," त्या म्हणाल्या, आणि आई आजारी म्हणून तीन दिवस घरी गेल्या.

मामांनी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. धडधाकट मुळाला घाबरवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाही मुळं तपकिरी पडली.  मूळ तपकिरी पडलं की ताबडतोब नव्या पाण्यात हलवायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता; कित्येक मुळं त्यांनी अशीच वाचवली होती. ताईंचा फोन लागेना. शेवटी मामांनी हात धुतले, चिमटा जाळावर धरून निववला आणि सहाही मुळं ताज्या पाण्यात सोडली.

घरी त्यांनी मोठ्या फुशारकीनं बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता थांबली.

"अहो, पण त्यांना आजारीच पाडायचं होतं ना?"



ताई परतल्या. त्यांनी मुळं वाळवली, दळली, तपासली. औषध जेमतेम नेहमीइतकंच. त्या डोकं धरून बसल्या.  सहा मुळं वाचवायला जाऊन मामांनी सगळ्याच मुळांना कचऱ्याची वाट दाखवली होती.

"ताई, चूक माझ्या हातून झालीय," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

ताई ताडकन उठल्या. "मामा! जुनं पाणी कुठाय?"

"फ्रीजमध्ये. तुमची सही झाल्याशिवाय मी काही ओतत नाही."

ते पाणी तपासलं. नेहमीच्या अकरापट औषध त्यात होतं. घाबरलेल्या मुळांनी ते बाहेर सोडलं होतं, आणि ताई आजवर नुसती मुळंच तपासून पाणी फेकून देत आल्या होत्या.

"म्हणजे मी चुकलो की नाही?" मामांनी विचारलं.

"चुकलात, मामा. आणि फार बरं झालं."

समितीनं प्रयोग चालू ठेवला. सोमवारी ताईंनी चाळीस बाटल्या मांडल्या आणि रसायनाची नळी मामांच्या हातात दिली. "आता थेंब तुम्हीच टाका. तपकिरी पडली की पाणीही तुम्हीच बदला."

"आजारीही मीच पाडायचं आणि वाचवायचंही मीच?"

ताई हसल्या. मामांना हसू येईना. मुळं वाचली याचा आनंद होता, पण तो कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं.

"ताई, यांना दुखत असेल का हो?"

"ठाऊक नाही, मामा."

मामांनी पहिलं बूच काढलं. चाळीसही बाटल्यांत त्यांनी थेंब अगदी मोजून टाकले, पण मुळांकडे एकदाही पाहिलं नाही.