उंद्रीच्या कपाशीवरचं विमान

शालिग्राम आयुष्यात कधी विमानात बसला नाही. बसायचं सोडा, उभ्या विमानाला त्याने कधी हातसुद्धा लावलेला नव्हता. पण चिखलीच्या एस.टी. स्टँडसमोरच्या त्याच्या हॉटेलात कोणी 'नॅट' आणि 'हंटर' या लढाऊ विमानांत गल्लत केली, की भजी तळता तळता झारा उगारून तो त्या माणसाची अशी हजेरी घ्यायचा की बिचारं गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून उठे. बाकीच्या हॉटेलांत भिंतीवर देवांची कॅलेंडरं असत, फार तर सिनेमातल्या बाया. शालिग्रामच्या भिंतीवर विमानं होती. अकोल्याच्या रद्दीवाल्याकडून तो जुनी इंग्रजी मासिकं किलोने आणायचा, त्यातली चित्रं कापून खळीने चिकटवायचा आणि खाली शाईने मराठीत नावं घालायचा. इंग्रजी त्याला जेमतेमच लागे. वेग, वजन, पेट्रोलची टाकी, हे आकडे मात्र तोंडपाठ. कोणी विचारलं नाही तरी तो सांगे.

संध्याकाळी कापूस बाजार उठला की मंडळी जमायची. जानराव हा अडत दुकानातला दिवाणजी. त्याचा मामा मागच्या महायुद्धात रंगूनकडे होता म्हणे, तेव्हापासून 'स्पिटफायर' ही जानरावला घरचीच मालमत्ता वाटे. दुसरा दयाराम. बौद्धवाड्यातला, बाजारात कापसाच्या गाठी उचलणारा हमाल. त्याचा जीव 'डाकोटा'वर.

"लढाऊ काय, आलं आन् गेलं," तो म्हणायचा. "डाकोटा धान्य नेते, बिमार मानूस नेते. थे खरं काम."

"बैलगाडी हाय बे ते!" शालिग्राम चिडवायचा.

"असू द्या ना, भाऊ. बैलगाडीच त कामी येते."

हसणं व्हायचं, आणखी एकेक चहा व्हायचा. दयाराम पायरीवर बसे. आत ये असं त्याला कोणी म्हटलेलं नव्हतं आणि बाहेर बस असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. मंडळी स्वतःला सुधारलेली समजत, त्यामुळे या विषयावर बोलायची वेळच कधी आली नाही.

पासष्ट सालच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई जुंपली आणि शालिग्रामचा भाव एकदम वधारला. रेडिओभोवती उभं राहायला जागा नसे. बातमीत विमानाचं नाव आलं की सगळ्या माना शालिग्रामकडे वळत. पंजाबकडे शत्रूने हवाई छत्रीने माणसं उतरवल्याची बातमी आली, तेव्हा तर फौजदारसुद्धा येऊन विचारून गेला, इकडे असं काही होऊ शकतं का म्हणून. शालिग्रामने गंभीर तोंड करून सांगितलं, "सावध राह्यलेलं बरं, साहेब." त्या दिवशी रात्रभर त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटत होतं. या सगळ्या गडबडीत दयाराम चार दिवस फिरकला नाही, हे एकदा त्याच्या ध्यानात आलं, पण विचारायचं राहून गेलं.

पितृपक्ष चालू होता. उंद्रीला त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कौशल्याबाईकडे, सासऱ्याचं पितर होतं. शालिग्राम सकाळच्या गाडीने गेला. दुपारी अंगणात पंगत बसली. खीर-वडे पानात पडले, आणि तेवढ्यात गावाच्या पलीकडून घरघर ऐकू आली. बघता बघता एक विमान झाडांच्या शेंड्यांना लागेल की काय इतक्या खालून गेलं. पोरं बोंबलली, कुत्री भुंकली, पंगत उठून गावाबाहेर धावली.

कौशल्याबाईचा नवरा तुळशीराम शांत होता. "फवारणीचं अशीन," तो म्हणाला. "कपाशीवर औषध मारनार हायेत. दवंडी दिली होती ना."

इथे शालिग्रामने गप्प राहायला हवं होतं. दवंडी त्याने ऐकलेली नव्हती, तो त्याच सकाळी चिखलीहून आलेला. पण चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि चाळीस माणसं तोंडाकडे बघत असताना 'मले मालूम नाही' म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"तुमाले काय समजते, भाऊजी?" तो म्हणाला. "पंख वरतून पाहा. चाकं खाली लोंबून राह्यले. समोर एकच पंखा. एल-नाइन्टीन हाय हे! दुष्मनाचं टेहळणीचं इमान. हे पाहून जाते, आन् मांगून बॉम्ब टाकनारे येतात."

"आन् थे पांढरं काय सोडून राह्यलं?" कोणीतरी विचारलं.

"विषारी वायू!"

बाया लेकरं उचलून घरात पळाल्या. मग एकाने शेताच्या बांधाकडे बोट दाखवलं. तिथे एक माणूस उभा होता. तोंडाला फडकं गुंडाळलेलं, हातात लांब काठी, काठीला पांढरा झेंडा. तो झेंडा हलवी आणि विमान नेमकं त्याच्या रोखाने येई. विमान डोक्यावरून गेलं की तो काही पावलं बाजूला सरके आणि पुन्हा झेंडा हलवी. औषधाचा पट्टा कुठून कुठे मारायचा ते वैमानिकाला दाखवायला असा माणूस उभा करतात. हे शालिग्रामला ठाऊक नव्हतं. त्याच्या मासिकांत लढाईची विमानं होती, कपाशीची नव्हती.

"हेर!" तो ओरडला. आवाज त्याचा मुळात भारी. "इशारा देऊन राह्यला! धरा त्याले!"

तरणी पोरं काठ्या घेऊन सुटली. शालिग्राम पोटाने जड, कपाशीतून ठेचकाळत मागून पोचला तोवर काम उरकलेलं होतं. झेंड्याची काठी त्या माणसाच्या अंगावरच मोडली होती. विमान एक घिरटी घालून वर चढलं आणि निघून गेलं. कोणीतरी खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावरचं फडकं ओढून काढलं.

दयाराम होता.

उजवा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. तोंडातून रक्त येत होतं. शेतीखात्याचा माणूस दुसऱ्या टोकाहून ओरडत, शिव्या देत पळत आला, तेव्हा पोरांनी काठ्या टाकल्या. एकजण म्हणाला, "अरे, आमाले काय मालूम? पाव्हन्यानं सांगतलं." सगळे शालिग्रामकडे बघायला लागले. मघापासून सगळे त्याच्याकडेच बघत होते. आता त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तुळशीरामने गाडी जुंपली. चिखलीच्या दवाखान्यापर्यंत शालिग्राम दयारामचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दयाराम शुद्धीवर नव्हता, हे बरंच म्हणायचं. वाटेत शालिग्रामच्या डोक्यात त्या एल-नाइन्टीनचे आकडे आपोआप फिरायला लागले. टाकी एवढी, वेग एवढा, म्हणजे पल्ला एवढा. सरहद्दीपासून उंद्रीपर्यंत येऊन परत जायचं तर ते विमान वाटेतच पडलं असतं. हे त्याला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. हॉटेलात कोणी अशी चूक केली असती तर त्याने झारा उगारला असता. त्याची लाज इतकी वाढली की गाडी हाकणाऱ्या तुळशीरामच्या पाठीकडेसुद्धा त्याला बघवेना.

दवाखान्यात दयारामची बायको कलाबाई धावत आली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला गाडीत घालून आणणारा माणूस म्हणून ती शालिग्रामच्या पाया पडली. "फवारणीची मजुरी भेटली तवापासून, चार दिस एकच लावलं होतं त्याईनं," ती रडत म्हणाली. "झेंडा धरला की इमान डोक्यावरून जाते म्हने. पह्यलं मी पायतो, मंग शालिग्रामभाऊले जाऊन सांगतो."

शालिग्रामने तिला उठवलं. तिथेच सांगून टाकायचं होतं. पण 'डॉक्टरले पाहून येतो' एवढं म्हणून तो बाहेर पडला.

खरी शिक्षा पुढे होती, ती अशी की त्याला कोणी शिक्षाच करेना. फौजदार म्हणाला, लढाईच्या दिवसांत असं व्हायचंच. जानराव म्हणाला, "चुकलास, पन देशापायी चुकलास. खरा हेर असता त? तुझा सत्कार कराले पायजे!" हॉटेलात गर्दी वाढली. हेर कसा ओळखला ते लोक रंगवून रंगवून विचारायचे, आणि तो मालूम नाही म्हणाला की त्यांना तो विनय वाटायचा. शालिग्रामला आपल्याच हॉटेलात उभं राहायची चोरी झाली. कोणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. एके सकाळी त्याने दुकानाला कुलूप घातलं आणि बौद्धवाड्याची वाट धरली.

दयाराम खाटेवर बसला होता, हात प्लास्टरात. गाठी उचलायचं काम पुन्हा होईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हता. "आत या ना, भाऊ, दारात काऊन उभे राह्यले?" कलाबाई म्हणाली, आणि तेवढ्यानेच शालिग्रामचे डोळे भरून आले.

दयारामला मात्र आधी आपलंच सांगायचं होतं. समोरचे दोन दात गेल्यामुळे शब्द निसटत होते, तरी तो सांगत सुटला. इमान इतकं खालून गेलं की चाकाचा चिखल दिसला. वारा असा की धोतर उडालं. दुसऱ्या फेरीला वैमानिकानं त्याला हात केला. "मले, भाऊ! मले हात केला त्यानं!"

"दयाराम," शालिग्राम म्हणाला, "उंद्रीले 'हेर! धरा त्याले!' म्हनून म्याच बोंबललो."

चहाचं आधण ठेवणारी कलाबाई चुलीपासून उठून आली. दयारामने अगदी हॉटेलात विचारायचा तसं विचारलं, "कोन्तं समजले तुमी थे इमान?"

"एल-नाइन्टीन."

दयारामने डोळे बारीक करून विचार केला. "हाव," तो शेवटी म्हणाला. "पंख वरतून, एक पंखा. दुरून तसंच दिसते. माह्याकडूनबी चुकलं असतं." त्याने मोडका हात मांडीवर सावरला. "इमानाचं समजलो, भाऊ. पन फडकं बांधून वावरात उभा असलेला मानूस हेर हाय, हे कोन्त्या मासिकात होतं?"

प्रश्नात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शालिग्रामने मान खाली घालून उत्तर शोधलं, मनातल्या मनात एकेक मासिक चाळलं, आणि ते कुठेच सापडेना. समोर दयाराम त्याच्या बोलण्याची वाट बघत बसला होता.