अडुळशाची जुडी

अहमदपूरच्या बसस्टँडबाहेर ती औषधी पाला विकायची. भूकंपात डावा हात भिंतीखाली सापडून अधू झालेला, म्हणून सुतळीचं एक टोक दातांत धरून जुडी बांधायची. समोरून शिकवणीची पोरं जड दप्तरं घेऊन लातूरच्या गाडीकडे पळत. तिच्याकडे कुणी बघत नसे.

मी दर सोमवारी अडुळसा न्यायची. त्याचा रस वापरून चांदीचे नॅनोकण तयार करायचे आणि त्यांनी रोगजंतू मरतात का ते काचेच्या बशीत बघायचं, हे माझं पीएचडीचं काम. एकदा तिला सगळं समजावून सांगितलं होतं. पदरानं पानं पुसत तिनं ते ऐकून घेतलं.

पाचव्या वर्षी, माझंच मन त्या बशांवरून उडालेलं असताना, तिनं दातांतली सुतळी सोडली आणि विचारलं, "माय, इतक्या जुड्या नेल्यास. कुणी बरं झालं का गं?"

माझे चार शोधनिबंध छापून आले होते. चारही निबंधांचं शेवटचं वाक्य एकच होतं, तेच तोंडून निघालं. "अजून संशोधनाची गरज आहे, मावशी."

"हाव?" म्हणत तिनं आणखी एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. "मग ने. पाला लई हाय."