हिरव्या डहाळीचा कोस

कोणतीही दोन गावं सांगितली जातात तेवढ्याच अंतरावर असतात, हे माझ्या मावशीच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात मान्य केलं नाही. नागभीडच्या रस्त्यावरचे मैलाचे दगड त्यांच्या मते ठेकेदाराने बैलगाडीतून जिथे उतरवायला सोपे पडले तिथे रोवले होते. रेल्वेचं वेळापत्रक म्हणजे गाडी उशिरा आणण्याची सरकारी सोय. मी नागपूरला वर्तमानपत्रात काम करत असल्याने माझ्यावर त्यांचा विशेष संशय होता. नवं तळं अर्ध्या मैलावर आहे, असं मी एकदा म्हणालो, तर "छापून आलं का?" एवढंच विचारून ते उठले आणि स्वतः चालून आले. त्यांचा भरवसा फक्त झाडीपट्टीतल्या जुन्या मापावर. निघताना पळसाची डहाळी तोडायची, हातात धरून चालायचं आणि पानं माना टाकतील तिथे एक कोस पुरा झाला असं समजायचं. "डहाळीले कोनी पगार देत नाई," ते म्हणत.

त्यांच्या एकुलत्या शांतेला मुंबईचं स्थळ आलं. नागपूर ते मुंबई विमानाने सव्वाचारशे मैल, फार तर तीन तास, वाटेल तेव्हा माहेरी येईल, असं वरपक्षाने सांगितलं. या एका वाक्यावर लग्न ठरलं, आणि लग्न लागल्यावरही मावसाजींचा त्या वाक्यावर विश्वास बसला नाही. जावई नोकरीवर पुढे गेला होता. मला कामानिमित्त मुंबईला जायचंच होतं, म्हणून शांतेला पोचवायचं माझ्याकडे आलं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मावसाजींनी धोतराच्या सोग्याखालून फाटकाबाहेर तोडलेली पळसाची ताजी डहाळी काढून माझ्या हातात दिली.

"शांतेजवळ नाई देत. ते आता नवऱ्याच्या बाजूनं बोलन. सुकली त पोरीले तसीच वापस आन."

"मावसाजी, तीन तासांत त सुकनच न."

"मंग वापसीचं तिकीट काढून ठेव."

"बाबा, मी त्याईले काय सांगू?" शांतेने विचारलं.

"सांग, कोस चुकला."

विमानात शांतेने खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. ती डहाळीकडे पाहत होती. वर गारठा होता; सांताक्रूझला उतरलो तेव्हाही पानं ताठ होती. शांतेने एक पान बोटाने दाबून पाहिलं आणि मग तिला रडू आलं.

परतल्यावर मी हे मावसाजींना सांगितलं.

"पानी शिंपलं असन तुमी."

"नाही."

"शांतेनं?"

"तिनंही नाही."

मग त्यांनी गावात सांगायला सुरुवात केली की मुंबई शेजारच्या तळोधी गावाच्याही अलीकडे आहे. त्यांनी मान्य केलेलं हे पहिलंच अंतर.

त्या दिवाळीला शांता आली नाही; सासरी पाहुणे होते. पुढच्या दिवाळीलाही काहीतरी निघालं. भाऊबीजेला मी नागभीडला गेलो तेव्हा मावसाजी ओट्यावर बसले होते. हातात डहाळी होती.

"एका कोसाच्या आत त हाये," ते म्हणाले. "मंग काऊन येत नाई?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. ऊन वर आलं, पानांनी माना टाकल्या. मावसाजी उठले, कुंपणाजवळच्या पळसाची दुसरी डहाळी तोडली आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.