धरून ठेवलेली जागा

एखाद्या माणसावर लिहावे एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला. चुकले तर माफ करावे.

इंदापूरजवळच्या बावडा गावचे आबा वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे. शेजारी वाजवणारा जोडीदार त्यांचे क्लॅरिनेट उसने घेऊन विजापूरला राहायला गेला. वाद्य इंदापुरात दिले होते, म्हणून ते परत मिळण्याचा दावाही इंदापूरच्याच कोर्टात लावला. माझे काका तिथे शिपाई. बारामतीहून सुट्टीला आलो की मी त्यांना भेटायला जाई, तेव्हा आबा बाकावर दिसत. शेजारी टोपी ठेवून जागा धरलेली.

"लांबनं येनार त्यो. बसंल कुठं?" ते म्हणत.

"आबा, दावा लावलाय का सोयरीक जमवताय?" काका चिडवत.

काकांनी जोडीदाराच्या नावाचा पुकारा केला की आबा टोपी उचलून दाराकडे बघत. कोणी येत नसे. मग टोपी परत बाकावर जाई.

परवा काका बारामतीला आले, तेव्हा कळले. समन्स मिळूनही जोडीदार आला नाही, म्हणून निकाल एकतर्फी आबांच्या बाजूने लागला.

"आबा खूश असतील," मी म्हणालो.

"कसले खूश! मला म्हनले, आता पुढची तारीख न्हाय का?"